बिअरने लिव्हर खराब होत नाही?

‘बिअर म्हणजे दारू नव्हे, लिव्हर जातं ते व्हिस्कीनं आणि देशीनं’ हा समज फार जुना आहे. बिअर घशाला जाळत नाही, त्यामुळे तो पटतोही. पण लिव्हरला काम पडतं ते इथेनॉलचं, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचं, आणि ते या सगळ्यांत एकच असतं.

पडताळा घरीच घेता येतो. लेबलवरचे मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले 100, गुणिले 0.79. उत्तर येतं शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर: सुमारे 41 ग्रॅम. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा पेग: सुमारे 20. म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांएवढी! 5 टक्क्यांची माइल्डही 26 ग्रॅमच्या आसपास जाते.

लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढतं. लिंबूपाणी किंवा कॉफीने हा वेग वाढत नाही. अल्कोहोल निकाली काढताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन पेशींना इजा करतं, शिवाय चरबी जळण्याऐवजी लिव्हरमध्ये साठते. पुढे सूज, मग व्रण, शेवटी सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होणं. चरबीच्या टप्प्यावर बहुधा काहीच दुखत नाही, एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणीही नॉर्मल येऊ शकते; म्हणून डॉक्टरांना रोजचं प्रमाण ग्रॅममध्ये सांगावं आणि सोनोग्राफीबद्दल विचारावं. या टप्प्यावर पिणं थांबवलं तर चरबी बऱ्याचदा काही आठवड्यांत ओसरते.

रोज भरपूर पिणाऱ्यांनी मात्र एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, झटके, भ्रम असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.