ठोकळ्यांनी राइट घडवला?

लहानपणी ठोकळे दिले की मूल पुढे कल्पक होतंच, असं सर्रास सांगितलं जातं. दाखलाही ठरलेला: वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. त्याच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात बालवाडीची (किंडरगार्टनची) कल्पना मांडणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलचे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी घेतले. मेपलच्या त्या गुळगुळीत ठोकळ्यांचा स्पर्श बोटांतून कधीच जात नाही, असं पुढे त्यानेच लिहिलं.

गोष्ट खरी, निष्कर्ष मात्र घाईचा. तेच ठोकळे असंख्य मुलांनी हाताळले; राइट एकच झाला. (बाकीच्यांच्या आठवणी कोण छापणार!) शिवाय ज्याला मुळातच रचायची ओढ, तोच ठोकळ्यांना तासन्‌तास चिकटून बसतो. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

खेळण्यापेक्षा खेळायची रीत जास्त बोलते, असं मला वाटतं. मोरो आणि एंगेसेट यांच्या २०१६ च्या शोधनिबंधातल्या प्रयोगांत काहींनी लेगोचा संच सूचनापत्रिकेबरहुकूम जुळवला, काहींनी सुट्या तुकड्यांतून मनाला येईल ते बांधलं. त्यानंतरच्या कल्पकतेच्या कामात पत्रिकावाले मागे पडले. अर्थात हे खेळून झाल्यावर लगेच मोजलेलं. वीस वर्षांनंतरचं नव्हे.