शिसं नसलेली शिसपेन्सिल आणि छटांचा इतिहास

आपण अजूनही ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण तिच्यात शिशाचा कणही नसतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल खोऱ्यात एका काळ्या, चकचकीत खनिजाचा अतिशय शुद्ध साठा सापडला आणि लोकांना ते शिशाचंच रूप वाटलं. हा कार्बन आहे हे रसायनशास्त्रज्ञ शीलने १७७९मध्ये दाखवलं, खनिजशास्त्रज्ञ वेर्नरने १७८९मध्ये त्याला ‘ग्राफाइट’ म्हटलं. तोवर चूक नावात मुरली होती.

क्रॉस हॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांच्या थरांनी छटा आणणं, मात्र पेन्सिलीहून जुनं. पंधराव्या शतकातले चित्रकार हाडांची राख आणि सरस यांचा लेप दिलेल्या कागदावर चांदीच्या तारेने रेखाटत. तार कितीही दाबली तरी रेघ करडीच उमटते. तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यांचीही तीच अडचण: शाई एक तर उमटते किंवा उमटत नाही. मग गडदपणा आणायचा तो रेघांच्या दाटीतूनच. शोनगाउअर आणि त्याच्यामागून ड्यूरर या जर्मन चित्रकारांनी रेघा वस्तूच्या गोलाईबरोबर वळवून त्यांवर तिरपा दुसरा थर चढवला.

पेन्सिलीची प्रत ठरवून बनवता येऊ लागली ती युद्धामुळे. १७९३पासून फ्रान्स-ब्रिटन लढत होते, फ्रान्सला इंग्लिश ग्राफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती पाण्यात मळून, कांड्या वाळवून भट्टीत भाजल्या. १७९५मध्ये त्याला पेटंट मिळालं. माती जास्त तर टोक कडक आणि फिकट, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळं. एच (कडक) आणि बी (मऊ, काळी) या श्रेणींच्या मुळाशी आजही हेच प्रमाण आहे; आकडा मोठा तसा तो गुण जास्त, आणि एचबी मधली. पुढे हार्टमुथ कंपनीने ‘कोहिनूर’ पेन्सिल १७ श्रेणींत आणली.

आता छटा पेन्सिल बदलूनही मिळू लागली, पण रेघांची गरज संपली नाही. सगळा अंधार ६बीने भरायला गेलं की कागदाचे खळगे बुजतात, पृष्ठभाग चकाकतो आणि वर दुसरा थर बसत नाही. २एच जोरात दाबली तर कागदावर चर पडते. नंतर बीने घासलं की ती पांढरी उठून दिसते. म्हणून २एच किंवा एचबीने हलक्या हाताने पहिला थर, त्यावर २बी, आणि ४बी-६बी फक्त सर्वांत खोल सावलीत. दुसरा थर पहिल्याला २० ते ३० अंशांत छेदावा. काटकोनात छेदला तर जाळीच डोळ्यांत भरते, गोलाई नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रांत माठ सपाट दिसतो तो बहुतेकदा याच कारणाने.

एका कंपनीची ४बी दुसरीच्या ६बीइतकी काळी असू शकते, कारण श्रेणीचं सर्वमान्य मोजमाप नाही. नवा संच घेतला की आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर प्रत्येक पेन्सिलीची एकेक चौकट, एकाच दाबाने, भरून पाहावी.