पुनर्लेखन म्हणजे वेलांट्या दुरुस्त करणं नव्हे

दिवाळी अंकासाठी आलेला लेख ‘पुन्हा लिहून पाठवा’ म्हणून परत केला की तो बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी हजर होतो. सोबत निरोप असतो, ‘सगळा नजरेखालून घातला, चुका काढल्या.’ उघडून पाहावं तर ‘कवि’चा ‘कवी’ झालेला, चारदोन स्वल्पविराम वाढलेले आणि ‘सांगितलं’च्या जागी ‘कथन केलं’ येऊन बसलेलं. लेख आहे तिथेच.

चुका काढणं म्हणजे मुद्रितशोधन आणि पुन्हा लिहिणं म्हणजे पुनर्लेखन, ही दोन वेगळी कामं. यातलं मुद्रितशोधन सगळ्यांना ठाऊक असतं, निदान शाळेतल्या लाल शाईमुळे तरी. लिहिलंय ते नियमाप्रमाणे आणि सर्वत्र एकसारखं आहे ना, एवढंच त्यात पाहायचं. नियमही हाताशी आहेत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ केले, १९७२ मध्ये त्यात ४ वाढवले. ‘गुरू’ दीर्घ पण ‘गुरुदक्षिणा’ ऱ्हस्व, ‘आणि’ नेहमी ऱ्हस्व, असा हा कारभार आहे. सराव असलेला माणूस ते झरझर करतो. यावर अधिक शाई खर्च करत नाही.

घोळ होतो तो पुनर्लेखनापाशी. मुद्रितशोधक वाक्याला विचारतो, ‘तू बरोबर लिहिलं गेलंयस ना?’ पुनर्लेखन करणाऱ्याने विचारायचं असतं, ‘तू इथे का आहेस?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावरच किंवा नियमांच्या पुस्तकात मिळतं. दुसऱ्याचं पुष्कळदा कागदावर नसतंच. लोक अडखळतात ते इथेच, कारण जे लिहिलंय त्याच्याबाहेर जावं लागेल हे त्यांच्या गावीही नसतं.

समजा, कुणी वडिलांच्या किराणा दुकानावर लेख लिहिलाय. सुरुवात अशी: ‘आजच्या धावपळीच्या युगात माणूस नात्यांना विसरत चालला आहे.’ (हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. दर चार लेखांमागे एक याच दारातून आत येतो.) मग गावाचं वर्णन, मग वडिलांचा कष्टाळू स्वभाव. तिसऱ्या पानावर, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, हे सापडतं: वडील उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसत, ‘लाल दारवाले’, ‘पाराजवळची’ असं काहीतरी टिपून ठेवत, ते गेल्यावर ती वही घरात कुणालाच उलगडेना.

इथे लेख आहे! आधीची दोन पानं म्हणजे लेखकाने केलेली जुळवाजुळव. तीही लिहावीच लागते, त्याशिवाय वहीपर्यंत पोचता येत नाही. पण छापावी लागत नाही. मुद्रितशोधक या दोन पानांतल्या वेलांट्या नीट करील आणि चोख शुद्धलेखनातला कंटाळवाणा मजकूर परत देईल. पुनर्लेखन करणारा वही पहिल्या परिच्छेदात आणील, आणि आणताक्षणीच अडेल. नावं का लिहीत नसतील? वही कुणी उघडली तर उधारी चारचौघांत होऊ नये म्हणून, की नुसती सवय? ते गेल्यावर पैसे आणून देणारं कुणी आलं का? हे लेखात नाही. मोठ्या भावाला फोन करावा लागेल, वही असलीच तर माळ्यावरून काढावी लागेल. म्हणून पुनर्लेखन एका रात्रीत होत नाही. ते पुष्कळदा टेबलापासून उठून करावं लागतं.

तिसरं एक खूळ या दोहोंच्या मध्ये घुसतं: ‘भाषा जरा सजवली.’ हे पुनर्लेखन नाही आणि शोधनही नाही. ‘दुकान’चं ‘विपणी’ केल्याने लेख एक इंचही पुढे सरकत नाही. माझा याला सरसकट विरोध आहे, अपवाद शोधायच्या फंदात मी पडत नाही.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा कुठे कमी पडते ते पत्राने कळवून लेखकाकडून ती पुन्हा लिहून घेत, अशी त्यांची ख्याती होती. मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. तेव्हापासून ‘संपादकाने सुचवलं’ म्हणजे ‘संपादकाने शुद्धलेखन तपासलं’ असाच अर्थ बऱ्याच जणांच्या मनात बसलाय, आणि थोडा दोष आम्हा अंकवाल्यांचाही आहे. वेळ नसला की आम्हीही ऱ्हस्व-दीर्घ पाहून लेख पुढे ढकलतो.

क्रम उलटा झाला की नुकसान दुप्पट. पहिल्याच खर्ड्यात एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं की ते खोडायला हात धजत नाही, आणि ‘धावपळीचं युग’ निव्वळ निर्दोष आहे म्हणून जिवंत राहतं. कच्च्या खर्ड्यात चुका खुशाल राहू द्या. परिच्छेद हलवून झाले, मजकूर उडवून झाला, नवं मिळवून झालं की मगच वेलांट्यांकडे वळा. ते कामसुद्धा शक्यतो दुसऱ्याच्या डोळ्यांनी होऊ द्या. स्वतःचा मजकूर वाचताना आपण मनातलंच वाचतो, कागदावरचं नाही.

आणि छपाईआधीचं प्रूफ हाती आल्यावर पुनर्लेखन सुरू करू नका. पानं लागलेली असतात. मध्येच आठ ओळी घातल्या की पुढचं पान सरकतं, चित्राची जागा हलते, कधी अनुक्रमणिकेतले आकडेही चुकतात. अगदीच राहवलं नाही तर जेवढ्या ओळी घालाल तेवढ्याच त्याच पानावरून काढून पाठवा, नाहीतर ऐन दसऱ्याच्या तोंडावर पानं लावणारा डीटीपीवाला तुमचा फोन उचलणार नाही.