वेट अँड ड्राय व्हॅक्युम मशीन: त्यातल्या हवेचा रस्ता कसा बदलत गेला

जळगाव एमआयडीसीतले चटईचे कारखाने, भुसावळ-चाळीसगावची हॉस्पिटलं, हायवेवरची कार वॉशिंग सेंटरं, धुळ्याकडची लॉन्स आणि मंगल कार्यालयं, कुठंही जा, कोपऱ्यात स्टीलच्या टाकीचं, चाकांवर फिरणारं, धूळ आणि पाणी दोन्ही साफ करणारं वेट अँड ड्राय व्हॅक्युम उभं असतं. पोरं बटण दाबतात, पाइप फिरवतात, आणि वर्ष-दीड वर्षात मोटर बसली की "माल हलका होता" म्हणून मोकळे होतात. कधीकधी तो खरंच हलका असतो. पण माझं ठाम मत आहे की हे मशीन असं का बनलं हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून ते लवकर मरतं, कारण त्याच्या देखभालीचा जवळजवळ प्रत्येक नियम त्याच्या इतिहासातून आलाय, आणि तो इतिहास म्हणजे हवा मशीनमधून कुठून कुठं जाते ते बदलत जाण्याची गोष्ट आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मशीन काहीच ओढत नाही. ते टाकीतली हवा कमी करतं आणि बाहेरची हवा कचऱ्याला आत ढकलते. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेनं सतराव्या शतकाच्या मध्यावर दोन अर्धगोल जोडून त्यातली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते सुटेनात, तो हाच दाब. बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब साधारण १० मीटर पाणी उचलू शकतो. आपलं दोन-स्टेज मोटरचं (एकावर एक दोन पंखे असलेलं) मशीन त्यातलं फार तर दोन-सव्वादोन मीटर मिळवतं, म्हणजे पाचव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा भांडवलावर सगळं काम चालतं म्हणून झाकणाचं गॅस्केट, म्हणजे हवाबंद करणारी रबरी पट्टी, जरा चिरलं, पाइपला खिळ्याएवढं भोक पडलं की ओढ लगेच जाते, आणि माणूस उगाच मोटरला दोष देत बसतो.

घरात झाडू मारला की धूळ उडते आणि परत बसते, यावर इलाज शोधायला अमेरिकेत आधीच लोक लागले होते. १८६० मध्ये आयोवातल्या डॅनियल हेसनं भाता लावलेलं मशीन पेटंट केलं, १८६९ मध्ये शिकागोच्या मॅकगॅफीनं हातानं फिरवायचं. दोन्ही फार चालली नाहीत, कारण एका हातानं दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं मशीन ढकलायचं हे जमणारं काम नाही. पण गंमत म्हणजे गालिच्याच्या आधी ओढणारी हवा नीट कामाला लागली ती कापसाला. १८८० च्या दशकात टेक्सासमधल्या रॉबर्ट मंगरनं गाडीतला कापूस पाइपनं ओढून थेट जिनिंगपर्यंत, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रापर्यंत, न्यायची पद्धत बसवली. खान्देशातल्या माणसाला हे वाचून बरं वाटायला हवं, कारण आपल्याकडं सक्शन म्हणजे काय हे बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते जिनिंगमध्येच.

मग १९०१. लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन मशीनचं प्रात्यक्षिक होतं, ते दाबाची हवा मारून धूळ उडवायचं आणि उडालेली धूळ डब्यात जाईल अशी आशा ठेवायचं. बघायला आला होता ह्युबर्ट सेसिल बूथ, पूल आणि मोठमोठे आकाशपाळणे बांधणारा इंजिनिअर. त्यानं विचारलं, फुंकता कशाला, ओढा ना. समोरच्यानं सांगितलं, शक्य नाही. बूथनं नंतर एका हॉटेलात मखमली खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, तोंड लावून जोरात श्वास ओढला, ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटलेला होता. बस्स, तोच पहिला फिल्टर. कापड मध्ये ठेवायचं, हवा पलीकडं जाते, धूळ अलीकडं राहते. आजही टाकीतला कापडी फिल्टर हेच करतो, आणि तो भरला की हवा पलीकडं जाणार कुठून?

बूथचं मशीन म्हणजे घोडागाडीवर बसवलेलं पेट्रोल इंजिन आणि पंप, आणि ते विकायला नव्हतं. गाडी दारासमोर उभी राहायची, लांबलचक पाइप खिडक्यांतून आत जायचे, साफ करून पैसे घ्यायचे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या आधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले गालिचे याच मशीननं साफ केले. म्हणजे व्हॅक्युम क्लीनर जन्मला तोच कंत्राटी सफाईच्या धंद्यात, घरात तो नंतर गेला. आज जळगावात टेम्पोत मशीन टाकून सोफे-गाद्या साफ करत फिरणारी पोरं बूथचाच धंदा करतायत.

घरात नेला तो जेम्स मरे स्पँगलरनं. ओहायोतल्या कँटन गावात एका दुकानात झाडलोट करणारा माणूस, दम्याचा त्रास, झाडूच्या धुळीनं जीव जायचा. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ जोडून मशीन केलं, १९०८ मध्ये पेटंट मिळालं, आणि ते विल्यम हूवरनं घेतलं, जो तोवर घोड्यांचं चामड्याचं सामान बनवायचा. मशीन झकास चाललं पण त्यात हवेचा रस्ता असा होता की कचरा आधी पंख्यातून जायचा आणि मग खोळीत. खडा आला की पंखा गेला. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं जमिनीवर घसरणारं आडवं मशीन आणलं, त्यात पिशवी पुढं आणि पंखा मागं, म्हणजे पंख्याला गाळलेली हवा. हा फार मोठा बदल होता. ज्याला फिल्टर न लावता मशीन चालवायची सवय आहे तो हा बदल उलटा फिरवतो आणि १९२१ च्या मागं जातो.

पण एक अडचण उरलीच. गाळलेली हीच हवा मोटरच्या वाइंडिंगवरून, म्हणजे तारेच्या वेढ्यांवरून, जाऊन तिला थंडही करायची. कोरड्या धुळीला हे चालतं, पाणी ओढलं तर ओलसर हवा थेट वाइंडिंगवर, करंट लागणार किंवा मोटर जळणार. यातून जी मोटर पुढं आली तिच्यात थंड करणारी हवा वेगळ्या रस्त्यानं येते, आणि तिला आपल्याकडच्या स्पेअरवाल्यांकडं बायपास मोटर म्हणतात. अमेरिकेतल्या अमेटेक कंपनीच्या लॅम्ब मोटरींनी ती जगभर नेली. महायुद्धानंतर तिथं गॅरेज आणि वर्कशॉपात उभ्या ड्रमची मशीनं आली, पेनसिल्व्हेनियाच्या शॉप-व्हॅकनं ती १९६० च्या दशकापासून घराघरांत पोचवली, आणि पाणी, भुसा, खिळे, चिखल सगळं एकाच टाकीत जायला लागलं.

बायपास मोटर एकदा टेबलावर उघडून बघाच. खाली अ‍ॅल्युमिनियमचे पंखे एकावर एक, त्यांची हवा टाकीतून येते आणि बाजूच्या नळीतून बाहेर फेकली जाते. वर मोटर, आणि तिच्या डोक्यावर वेगळा छोटा पंखा, तो बाहेरची कोरडी हवा घेऊन फक्त वाइंडिंग थंड करतो. दोन हवा, दोन रस्ते, मध्ये सील आणि बेअरिंग. आमच्या भागात रिपेअरला येणाऱ्या मोटरींत खालच्या पंख्यावर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर असतो, खालचं बेअरिंग गंजून खरखरतं, सील गेलेलं असतं. आणि वरून जळालेल्या मोटरीचं कारण विचारलं तर हेल्पर पोरगं सांगतं, "आबा, पोंचा (फरशी पुसायचा फडका) वाळत टाकला होता ना डोक्यावर, तसंच सुरू केलं." हेडवरच्या, म्हणजे मोटर बसवलेल्या वरच्या झाकणावरच्या, जाळ्या म्हणजे मोटरचं नाक आहे, त्यावर फडका, गोणपाट काहीही टाकायचं नाही, यापेक्षा महत्त्वाचा नियम मला तरी माहीत नाही.

टाकीत वर, हवेच्या तोंडाखाली, पिंजऱ्यात बसवलेला तरंगता फ्लोट पण याच काळजीतून आला. पाणी वर चढलं की तो उचलला जातो, हवेचं तोंड बंद होतं, आणि मोटरचा आवाज एकदम बारीक आणि चढा होतो. बऱ्याच जणांना वाटतं मोटरवर लोड आला. उलट आहे, हवाच नाही म्हणून लोड उतरतो आणि ती जास्त जोरात पळते. तो आवाज आला की लगेच बंद करून टाकी रिकामी करायची. फेसाला मात्र फ्लोट कळत नाही. लग्नानंतर लॉनच्या स्वयंपाकघरात भांड्याच्या साबणाचं पाणी ओढलं की फेस फ्लोटच्या बाजूनं वर जातो, म्हणून टाकीत आधी फेस मारायचं औषध टाकतात. पाणी ओढायच्या आधी कागदी फिल्टर काढायचा, आणि काम झालं की टाकी धुऊन उघडी वाळवायची, फिल्टर पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा. हे शेवटचं काम कुणी करत नाही आणि मग मशीनला वास मारतो.

भारतात घराघरांत ही गोष्ट माहीत झाली १९८२ नंतर, फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्सनं मिळून युरेका फोर्ब्स काढली आणि टाय लावलेले सेल्समन दारात येऊन गादीतली धूळ काढून दाखवायला लागले. आपल्याकडं शहाबादी फरशी, कोटा, मोझॅक, गालिचा कुणाकडं? झाडू आणि ओला फडका यावर काम भागायचं, म्हणून बऱ्याच घरांत ते मशीन माळ्यावर गेलं. धंद्यासाठीच्या मशीनला मात्र १९९१ नंतर वाट मोकळी झाली, जर्मन, डॅनिश, इटालियन मशीनं आली, कोइमतूरच्या रूट्सनं जर्मनीच्या हाकोबरोबर इथं बनवायला सुरुवात केली, आणि मागून चिनी मशीनं आली तशी किंमत खाली उतरली. हॉस्पिटलांनी अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर मागायला सुरुवात केली, जो मुळात १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवायला बनला होता.

खान्देशात एक वेगळी वाट पण आहे. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, त्यात जुन्या जिनिंग-प्रेसिंगचं आधुनिकीकरण झालं, डोक्यावरून कापूस वाहायच्या जागी सक्शन पाइप आणि कन्व्हेअर आले. ओढणारी हवा बघायची सवय असल्यानं लोकांनी साधं व्हॅक्युमही जिनिंगच्या शेडमध्ये न्यायला सुरुवात केली, आणि इथं मला हात जोडून सांगावंसं वाटतं की नेऊ नका. या मोटरीत कार्बन ब्रश घासतात आणि चालू असताना ठिणगी पडतच असते. रुईचा भुगा हवेत भरलेला असेल तिथं ते आग लावणारं सामान आहे. तिथं स्फोटरोधक बनावटीचंच मशीन लागतं. पेट्रोल, थिनर, गरम राख हे पण कधीच ओढायचं नाही. चटईच्या कारखान्यात प्लास्टिकची पावडर ओढताना पाइपला झिणझिण्या येतात, ती स्थिर वीज, त्यासाठी अर्थिंगवालं मशीन आणि तसाच पाइप घ्यावा.

विजेचं पण तसंच. एका मोटरीचं १४०० वॅटचं मशीन सहा अँपियर घेतं, दोन मोटरींचं बारा-तेरा. ते घरच्या छोट्या प्लगवर लावलं की प्लग वितळतो, आणि ओल्या फरशीवर अर्थिंगशिवाय चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन सेंटीमीटरभर उरले की बदलायचे, पूर्ण झिजू दिले तर स्प्रिंग कम्युटेटरला (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांना) खरवडते आणि दोन-तीनशे रुपयांचं काम आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बदलण्यापर्यंत जातं.

आता बाजारात बिनकार्बनच्या मोटरी आणि बॅटरीची मशीनं येतायत. ठिणगी नाही, कार्बन बदलायचे नाहीत, आवाज कमी. पण ती गेली तर आपल्या गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडं होत नाहीत, सर्किट कार्ड कंपनीकडूनच मागवावं लागतं, म्हणून रोजच्या वापराला ज्याचे कार्बन, गॅस्केट आणि फ्लोट जळगावच्या बाजारात मिळतात तेच मशीन घ्यावं असं मी अजून तरी सांगतो.