गैरहजेरी कळवायची कुणाला? शाळेतल्या हजेरीच्या नियमांची पार्श्वभूमी

मूल आज शाळेत पोचले की नाही, हे शाळेने त्याच दिवशी घरी कळवावे, एवढीच आईबापांची अपेक्षा असते. महाराष्ट्रातल्या हजेरीच्या नियमांनी ती सगळ्यांत शेवटी ऐकली. वर्गशिक्षक कॅटलॉग म्हणजे हजेरीपट भरतात, महिनाअखेरीस मुला-मुलींची वेगवेगळी सरासरी काढतात आणि तो आकडा जवळपासच्या शाळांच्या केंद्रावरून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जातो. नियमांचा सगळा भर वर्षानुवर्षे या वर जाणाऱ्या आकड्यावर राहिला.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. मुंबई प्रांतात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातही सक्ती कायम राहिली. पण ज्या घरात मुलाच्या हातालाही काम लागते, त्या घराकडून दंड वसूल करून मूल वर्गात टिकत नाही.

पुढे दंडाऐवजी लाभ देण्याचे धोरण आले. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालील मागास घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. १५ ऑगस्ट १९९५ पासून ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळू लागले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यायला सांगितले आणि तांदळाच्या वाटपाच्या जागी खिचडी आली. या योजनांनी मुले शाळेत आणली, यात शंका नाही. मात्र हजेरीच्या खुणेला आता किंमत आली होती. शिक्षकांची पदे आणि अनुदान पटसंख्येवर आधीपासूनच ठरत होते, त्यात धान्याची भर पडली. गैरहजर मुलाला हजर दाखवण्याचा मोह यातूनच वाढला.

त्याचा स्फोट २०११ मध्ये झाला. नांदेड जिल्ह्यात बोगस विद्यार्थी सापडल्यावर ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुले खरोखर आहेत का याची तपासणी, झाली. पथके शाळेत यायची, कॅटलॉग ताब्यात घ्यायची, वर्गात बसलेली डोकी मोजायची आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, म्हणजे तेच मूल दुसऱ्या शाळेत दाखवता येऊ नये. पटावरची सुमारे २० लाख मुले जागेवर आढळली नाहीत. १,४०४ शाळांत उपस्थिती पन्नास टक्क्यांपेक्षा कमी निघाली. अनुदान लाटणारे उघडे पडले, हे या मोहिमेचे मोठे यश होते आणि कारवाईसाठी पुढे न्यायालयातही झगडावे लागले.

तरीही या मोहिमेतला एक निर्णय आजही पटत नाही. त्या तीन दिवसांत वर्गात नसलेले मूल आणि मुळात अस्तित्वातच नसलेले मूल, दोघेही एकाच रकान्यात गेले. ते दिवस नवरात्रातले होते. ३ तारखेला सोमवारी सप्तमी, मग अष्टमी आणि बुधवारी खंडेनवमी. गावोगावी घट बसलेले, यात्रा भरलेल्या. त्या आठवड्यात घरी राहिलेले, तापाने अंथरुणाला खिळलेले किंवा आईबरोबर देवीला गेलेले मूल बोगस नव्हते. बोगस पट शोधायचाच होता. पण गैरहजर निघालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन विचारणे हा पडताळणीचाच भाग हवा होता. तसे न झाल्याने शाळांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. गैरहजेरी दिसली की आपल्यावर येते, म्हणून ती लपवावी किंवा नाव कमी करावे. पालकाला कळवण्याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

खरे तर कायदा तोवर आला होता. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला दाखल करणे पालकाचे कर्तव्य ठरले, पण दंड ठेवला नाही. मुलाच्या नियमिततेबद्दल पालकांशी बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले. किती दिवसांनी बोलायचे, ते मात्र लिहिले नाही. राज्यात सतत एक महिन्यापेक्षा अधिक काळ गैरहजर राहणारे मूल शाळाबाह्य मानले जाते. ४ जुलै २०१५ च्या एकदिवसीय सर्वेक्षणातही हीच व्याख्या होती. या मुदतीत खरी अडचण होते ती ऊसतोड कामगारांच्या मुलांची. बीडहून टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. महिना भरून यंत्रणा जागी होईपर्यंत मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या उसाच्या फडावर पोचलेले असते. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक यासाठीच आले, पण दोन्हींचा उपयोग टोळी निघण्याआधी शिक्षक पालकाशी बोलला तरच होतो.

नंतरचे बदल भराभर झाले. कॉलेजात नुसते नाव आणि दिवसभर खासगी क्लास या प्रकाराला आळा घालायला जून २०१८ मध्ये मोठ्या शहरांतल्या अकरावी-बारावी विज्ञानासाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. डिसेंबर २०२३ पासून शाळांची रोजची हजेरी मोबाइलवरच्या चॅटबॉटवर भरायला सुरुवात झाली. दोन्ही ठिकाणी माहिती पुन्हा वरच गेली.

ती घराकडे वळली ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर. मे २०२५ च्या शासन निर्णयाने सकाळी, दुपारी आणि शाळा सुटण्यापूर्वी अशी तीनदा हजेरी घ्यायला सांगितले आणि गैरहजर मुलाच्या पालकांना एसएमएस पाठवणे शाळेवर टाकले. चिमुकल्यांवर अत्याचार झाल्यावर हे सुचावे, याचे दुःख आहे. पण तरतूद योग्य आहे. तिच्यासाठी शाळेकडे पालकाचा चालू मोबाइल नंबर असायला हवा, आणि हंगामागणिक सिमकार्ड बदलणाऱ्या घरांपर्यंत तो निरोप पोचवायचा तर शिक्षकालाच पुन्हा दारात जावे लागेल.

दहावी-बारावीच्या पालकांवर मात्र उलट जबाबदारी वाढली आहे. परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट जुनीच आहे. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शाळांना तिची कडक आठवण करून दिली. लेखी अर्जाशिवाय घेतलेली रजा आता अनधिकृत गैरहजेरी धरली जाते, आणि आजारपणाची रजा असेल तर मूल परत येताच अर्जासोबत वैद्यकीय कागदपत्रे शाळेत द्यावी लागतात.