सेमी-मॉड्युलर आणि मॉड्युलर सिंथेसायझर: वायरी दोन्हीकडे, मग फरक कुठे?

बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन्ही वाद्ये सारखीच दिसतात. समोर नॉबची दाटी, त्यांच्या शेजारी ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या रांगा आणि त्यांतून लोंबणाऱ्या रंगीत पॅच केबल. त्यामुळे मूगचे मदर-३२ किंवा बेरिंगरचे न्यूट्रॉन विकत घेतलेला माणूस ‘मी मॉड्युलर सुरू केले’ असे सांगतो आणि युरोरॅक या मापाचे सुटे घटक, म्हणजे मॉड्यूल, घेऊन केस भरत बसलेला दुसरा कोणी ‘ते खरे मॉड्युलर नव्हेच’ असे त्याला सुनावतो. हा वाद वायरी मोजून सुटणारा नाही. एकही वायर लावलेली नसताना वाद्याच्या आत काय काय जोडलेले आहे, हे पाहिले की दोहोंतला फरक कळतो, आणि खर्च, जागा, शिकण्याचा क्रम, बिघडण्याच्या तऱ्हा हे पुढचे सारे त्याच एका गोष्टीवर ठरते.

सिंथेसायझरमधल्या आवाजाची नेहमीची वाट अशी असते: ऑसिलेटर मूळ स्वर निर्माण करतो, फिल्टर त्यातला काही भाग कापून आवाजाचा पोत बदलतो आणि शेवटी अॅम्प्लिफायर तो आवाज किती आणि केव्हा ऐकू यावा हे ठरवतो. या तिघांना हुकूम देणारे घटक वेगळे असतात. एन्व्हलप प्रत्येक स्वराचा चढउतार घडवतो, एलएफओ संथ लयीत एखादी गोष्ट वरखाली हलवत राहतो आणि सिक्वेन्सर स्वर एकामागून एक पाठवतो. साध्या कीबोर्ड सिंथेसायझरमध्ये हे सारे कारखान्यातच कायमचे जोडलेले असते. मुंबईचे स्टुडिओ-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारित जे ध्वनिमुद्रण केले, त्यातली रोलँडची ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ ही वाद्ये या स्थिर रचनेची होती. आवाजाची अंतर्गत वाट बदलण्याची सोय त्यांत नव्हती. त्या ध्वनिमुद्रणाला ‘मॉड्युलर’ म्हटलेले अधूनमधून कानावर येते, ते बरोबर नाही.

सेमी-मॉड्युलरमध्ये ही वाट तयार असते, पण तिच्यावर जागोजागी जॅक बसवलेले असतात. या जॅकच्या आत एक स्प्रिंगचा संपर्क असतो. पिन घातलेली नसते तोवर तो आतली जोडणी चालू ठेवतो आणि पिन आत गेली की ती जोडणी तुटून बाहेरून आलेला सिग्नल तिची जागा घेतो. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये इयरफोनची पिन खोचली की स्पीकर गप्प होत असे, ती करामत याच प्रकारच्या जॅकची होती. या आतल्या जोडणीला वादक ‘नॉर्मल’ म्हणतात. म्हणून सेमी-मॉड्युलर वाद्य खोक्यातून काढले, वीज दिली आणि पट्टी दाबली की एकही वायर न लावता आवाज येतो.

मदर-३२वर हे जवळून पाहता येते. त्याच्या उजव्या कडेला ३२ जॅकची पाटी आहे. ऑसिलेटरच्या जोडीने मिक्सरमध्ये डीफॉल्टने पांढरा गोंगाट, म्हणजे नॉइज, येत असतो. ‘एक्स्टर्नल ऑडिओ’ या जॅकमध्ये फोनमधल्या तानपुऱ्याच्या अॅपचा आवाज घातला की गोंगाट बाजूला होतो आणि तानपुरा मूगच्या फिल्टरमधून वाहू लागतो. फोनमधून येणारा सिग्नल या वाद्याच्या मानाने क्षीण असल्यामुळे तो आधी वाढवून घ्यावा लागतो, एवढीच अट. मात्र याच पाटीवर एक गोष्ट शोधूनही सापडत नाही, ती म्हणजे फिल्टरमध्ये थेट आवाज सोडणारा जॅक. फिल्टरचा कटऑफ (आवाज कुठून कापायचा ती सीमा) आणि रेझोनन्स (त्या सीमेवरचा उठाव) यांना व्होल्टेज देऊन हलवता येते, फिल्टरमधून आवाज बाहेर घेता येतो, पण मिक्सर ते फिल्टर ही जोडणी पक्की आहे आणि ती कोणत्याही वायरीने तुटत नाही. सेमी-मॉड्युलर विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी पाहावे ते हेच: कोणत्या जोडण्या नॉर्मल आहेत आणि कोणत्या पक्क्या. जाहिरातीतला ‘३२ पॅच पॉइंट’ हा आकडा याबद्दल काहीही सांगत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९७१चे एआरपी २६०० आणि १९७८चे कोर्ग एमएस-२० ही दोन्ही वाद्ये याच तत्त्वावर चालत. २६००च्या पाटीवर तर कोणता सिग्नल कोणत्या स्लायडरला आधीच जोडलेला आहे, हे छापलेलेच असे, आणि नवशिक्याला शिकवण्याची याहून चांगली पाटी नंतरही फारशी कोणी बनवलेली नाही, असे माझे मत आहे. एमएस-२०बाबत एक सावधगिरी बाळगावी. व्होल्टेजवरून स्वराची उंची ठरवताना तो हर्ट्झ-प्रति-व्होल्ट या पद्धतीने चालतो आणि स्वर सुरू करणारा ट्रिगरही उलट्या धाटणीचा आहे. त्यामुळे एक-व्होल्ट-प्रति-सप्तक (एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर) मानणाऱ्या आजच्या वाद्यांशी तो सरळ जोडला तर सूर भलतीकडेच जातात.

पूर्ण मॉड्युलरमध्ये अशी तयार वाट नसतेच. डीटर डॉफर या जर्मन अभियंत्याच्या कंपनीने १९९५च्या सुमारास ए-१०० ही मालिका आणली आणि तिच्यातून आज युरोरॅक म्हणून ओळखले जाणारे माप रूढ झाले: मॉड्यूलची उंची ३यू, म्हणजे १२८.५ मिलिमीटर, रुंदी एचपीमध्ये मोजायची आणि एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, वीज अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टची. ऑसिलेटर एका कंपनीचा, फिल्टर दुसरीचा, एन्व्हलप तिसरीचा असे कितीही प्रकार एकाच केसमध्ये शेजारी बसतात, परंतु वीज सोडली तर त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. केस चालू केली की दिवे लागतात आणि शांतता पसरते. ऑसिलेटरमधून फिल्टरमध्ये एक वायर, फिल्टरमधून अॅम्प्लिफायरमध्ये दुसरी, तिथून आउटपुट मॉड्यूलमध्ये तिसरी. एवढे करूनही आवाज येत नाही, कारण अॅम्प्लिफायर बंद आहे. मग सिक्वेन्सरचा गेट, म्हणजे स्वर सुरू-बंद करणारा सिग्नल, एन्व्हलपला द्यायचा, एन्व्हलपचे व्होल्टेज अॅम्प्लिफायरला द्यायचे, सिक्वेन्सरचा स्वर ऑसिलेटरला द्यायचा. सेमी-मॉड्युलरमध्ये पहिल्याच क्षणी फुकट मिळालेला एक साधा स्वर इथे सहा वायरींनंतर येतो.

हा सगळा खटाटोप कोणी का करावा, याचे उत्तर त्याच सहा वायरींत आहे. वाट तयार नसल्यामुळे ती नेहमीचीच असावी असे बंधन राहत नाही. ऑसिलेटर इतका संथ करता येतो की तोच लय धरणारा घटक बनतो; उलट एलएफओ वेगवान करून त्याला स्वर बनवता येते; फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागेपर्यंत ताणून त्याला ऑसिलेटरची कामगिरी देता येते; आणि एका आवाजाची उंचसखल हालचाल दुसऱ्याची गती ठरवू शकते. मॉड्युलरमध्ये ध्वनी आणि हुकूम दोन्ही व्होल्टेजच असल्यामुळे कोणते भोक कशासाठी हा नियम सैल होतो. भारतीय संगीतकारांना हा विचार पूर्वीच भेटला होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगच्या मॉड्युलर यंत्रणेसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला आणि गीता साराभाई यांच्यासारख्यांनी तेथे काम केले.

आपल्याकडच्या कानाला या दोहोंतला फरक गांधारावर ऐकू येतो. एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक धरले, तर बारा समान भागांच्या पट्टीतला शुद्ध गांधार षड्जापासून ०.३३३ व्होल्टवर येतो, आणि तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा, ५:४ या प्रमाणातला गांधार ०.३२२ व्होल्टवर. अंतर केवळ ११ मिलिव्होल्टचे आहे, पण खाली तानपुरा चालू असेल तर ते टोचते. पंचमाबाबत हेच अंतर दीड मिलिव्होल्टच्या आसपास असल्याने तिथे कोणाची तक्रार नसते. बहुतेक सेमी-मॉड्युलर वाद्यांचा आतला सिक्वेन्सर वा कीबोर्ड बारा समान भागांच्याच हिशेबाने चालतो. मॉड्युलरमध्ये क्वांटायझर (व्होल्टेज ठरावीक स्वरांवर बसवणारा घटक) वगळून प्रत्येक स्वराला स्वतंत्र नॉब असलेला सिक्वेन्सर घेतला, तर तानपुरा लावून एकेक स्वर कानाने मिळवता येतो. मिंडीचेही तसेच आहे. बऱ्याच सेमी-मॉड्युलरवरचा ग्लाइडचा नॉब सहसा सर्व स्वरांना सारखाच घसरवतो. स्ल्यू लिमिटर नावाचे स्वतंत्र मॉड्यूल असेल तर घसरण्याचा वेगही व्होल्टेजने बदलता येतो आणि मींड फक्त धैवतावरून पंचमावर येताना लावायची, इतर वेळी नाही, हे शक्य होते. ज्याच्या डोक्यात रागसंगीत आहे, त्याला मॉड्युलरकडे ओढणारे कारण हेच असावे.

आता जागेचा आणि पैशाचा हिशेब. मदर-३२ची रुंदी ६० एचपी, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या थोडी वर, आणि त्याला १२ व्होल्टचा एक अडॅप्टर पुरतो. डोंबिवली-विरारच्या वन-बीएचकेतही ते पुस्तकांच्या फळीवर मावते. ८४ एचपीची एक ओळ असलेली केस साधारण ४३ सेंटिमीटर रुंद होते, ही रुंदी तशी फारशी नाही, पण एका ओळीवर थांबणारा माणूस विरळा. केस, वीजपुरवठा, आउटपुट मॉड्यूल आणि वायरी यांवर पहिला स्वर निघण्याआधीच पैसे जातात, आणि बहुतेक वस्तू परदेशातून येत असल्याने त्यांवर वाहतूक, सीमाशुल्क आणि कर चढतात. दहा छोटी पार्सले वेगवेगळ्या वेळी मागवणे म्हणजे हा भुर्दंड दहा वेळा भरणे, हे मॉड्युलरवाल्याला लवकरच कळते. सेमी-मॉड्युलर एकदाच येते.

लॅमिंग्टन रोड मात्र मॉड्युलरच्या बाजूने उभा आहे. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग असलेल्या या रस्त्यावर रेझिस्टर, कपॅसिटर, पोटेन्शिओमीटर आणि टीएल०७२सारखे ऑपअँप मिळतात, आणि ज्याला सोल्डरिंग जमते तो अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा), मिक्सर, साधा एलएफओ अशी मॉड्यूल घरी बनवू शकतो. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने आपल्या अनेक मॉड्यूलचे आराखडे खुले ठेवले होते, त्यामुळे अनुभव आल्यावर पुढची वाटही मोकळी आहे. घरी बनवणाऱ्याने मॉड्यूलला वीज पुरवणाऱ्या रिबन केबलकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. तिच्या एका कडेची लाल रेघ सहसा उणे १२ व्होल्टची बाजू दाखवते. केबल उलटी बसली आणि मॉड्यूलमध्ये संरक्षण नसेल तर तो जळतो. सेमी-मॉड्युलर वापरणाऱ्यावर ही वेळच येत नाही, कारण आतली वीज त्याच्या हाती दिलेलीच नसते.

मुंबईच्या हवेचा त्रास दोन्हींना होतो, पण सारखा नाही. खाऱ्या दमट हवेत जॅकचे संपर्क काळवंडतात आणि सेमी-मॉड्युलरमध्ये याचा एक विचित्र परिणाम होतो: वायर काढून घेतली तरी आतला स्प्रिंगचा संपर्क नीट बसत नाही आणि वाद्य मधूनच मुके होते किंवा खरखरते. अशा वेळी वाद्य बिघडले असे समजून ते उघडण्याआधी प्रत्येक जॅकमध्ये एक पिन चार-पाचदा आतबाहेर करून पाहावी. मॉड्युलरमध्ये नॉर्मल जोडण्या कमी असल्याने हा दोष कमी दिसतो, मात्र तिथे संशयित वायरी आणि जॅक एवढे असतात की दोष शोधण्यातच संध्याकाळ जाते. अॅनालॉग ऑसिलेटरचा स्वर तापमानानुसार सरकतो, म्हणून मे महिन्यात पंखा बंद करून एसी लावला की वीसेक मिनिटे थांबून मगच सूर मिळवावा. हे दोन्ही प्रकारांना लागू आहे.

दोहोंमधली रेषा अगदी स्वच्छ आहे असेही समजू नये. युरोरॅकच्या अनेक मॉड्यूलमध्ये स्वतःपुरत्या नॉर्मल जोडण्या असतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मदर-३२ त्याच्या खोक्यातून काढून युरोरॅकच्या केसमध्ये बसवता येते आणि तिथे ते ६० एचपीचे एक मोठे मॉड्यूल बनून राहते. यामुळे आज सेमी-मॉड्युलर घेतलेला माणूस उद्या मॉड्युलरकडे गेला तर पहिली खरेदी वाया जात नाही. बेतास बात पैसा आणि एक टेबल असलेल्या मुंबईकराने सुरुवात सेमी-मॉड्युलरने करावी असे मी म्हणतो ते याच कारणाने, आणि केस घ्यायची तेव्हा भरल्यावरही जागा उरेल एवढी घ्यावी.

त्याआधी काहीही खर्च न करता फरक पाहायचा असेल तर व्हीसीव्ही रॅक हे संगणकावरचे युरोरॅकचे अनुकरण मोफत मिळते. त्यात रिकाम्या पाटीवर ऑसिलेटर, फिल्टर, अॅम्प्लिफायर, एन्व्हलप आणि सिक्वेन्सर ठेवून वर सांगितलेल्या सहा वायरी स्वतः जोडाव्यात. स्वर आला की एन्व्हलपची वायर अॅम्प्लिफायरमधून काढून फिल्टरच्या कटऑफमध्ये घालावी आणि अॅम्प्लिफायरला कसलेच व्होल्टेज मिळत नसताना तो मॉड्यूल आवाज जाऊ देतो की अडवतो ते ऐकावे. मॉड्यूल बदलून पाहिले तर काही ठिकाणी आवाज सलग वाहत राहील आणि काही ठिकाणी पार थांबेल. वाहत राहिला तर ते मॉड्यूल बनवणाऱ्याने तिथे आधीच एक नॉर्मल जोडणी ठेवलेली आहे असे समजावे.