१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ची पार्श्वभूमी: ६७ की ६१?

२ हा आकडा ६७ वेळा घेऊन एकमेकांशी गुणायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ही २१ अंकी संख्या येते. बायनरीत लिहिली तर नुसते ६७ एक, मधे कुठेही शून्य नाही.

१६४४ मधे एका फ्रेंच पाद्रीने २५७ पर्यंतची यादी छापली, की २ चा कितवा घात घेऊन १ वजा केला तर मूळ संख्या मिळते: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. सिद्धता काही दिली नव्हती. १८७६ला एका फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६७ वाली मूळ नाहीच, आणि तेही एकसुद्धा अवयव न शोधता! मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

खरा गुंता झाला १८८३ला. रशियातल्या एका पाद्रीने ६१ वाली संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं, जी यादीत नव्हती, आणि मग लोक म्हणायला लागले की मुळात ६१च लिहायचं होतं, छापताना ६७ झालं. ऐकायला पटतं, पण यादी नीट बघा, आकडे २ च्या कुठल्यातरी घातापासून १ किंवा ३ ने पुढे-मागे आहेत: १३ म्हणजे १६ वजा ३, १९ म्हणजे १६ अधिक ३, ३१ म्हणजे ३२ वजा १, १२७ म्हणजे १२८ वजा १, २५७ म्हणजे २५६ अधिक १, आणि ६७ म्हणजे ६४ अधिक ३, म्हणजे ६७ या साच्यात अगदी चपखल बसतो, चुकून आलेला वाटत नाही. आता ६१ पण ६४ वजा ३ आहेच, तो का सुटला हा प्रश्न उरतो, आणि तेवढा एक मुद्दा छपाईच्या चुकीवाल्यांच्या बाजूने जातो हे मान्य. पण ८९ (१९११) आणि १०७ (१९१४) हेही यादीत नसलेले निघाले, ते दोन्ही या साच्यात बसत नाहीत, आणि २५७ वाली पुढे संयुक्त ठरली. एवढ्या चुका छापखान्याच्या माथी कशा मारायच्या? माझ्या मते त्या फ्रेंच पाद्रीने साचा बघून अंदाज बांधला होता. २५७ पर्यंतची सगळी तपासणी पूर्ण व्हायला १९४७ उजाडलं.

६७ वालीचे अवयव मिळाले १९०३ला, एका अमेरिकन गणितज्ञाला: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ऑक्टोबरमधल्या सभेत त्याने एक शब्द न बोलता फळ्यावर एका बाजूला २ चा ६७ वा घात वजा १ आणि दुसऱ्या बाजूला या दोन अवयवांचा गुणाकार, असं दोन्ही हाताने काढून दाखवलं असं सांगतात, आणि तीन वर्षांचे रविवार यात गेले असंही.

गंमत म्हणजे नेहमीची सोपी चाचणी, म्हणजे संख्येतून १ वजा करून २ चा तितकावा घात घ्यायचा आणि त्याला त्याच संख्येने भागल्यावर बाकी १ येते का बघायची, ती ही संख्या बिनबोभाट पास करते, त्यामुळे तिथे ती मूळच वाटते. आणि दोन्ही अवयवांतून १ वजा केला तर दोघांनाही १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, पूर्ण भाग जातो: पहिल्यात १४४५५८० वेळा, दुसऱ्यात ५६८५३६०१२९ वेळा.